मुले भांडून परततात. मोठे झालेले भाऊ का परतत नाहीत?

औसा तालुक्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दोघे सकाळी उठल्यापासून सायकलवरून, टीव्हीच्या रिमोटवरून, अगदी आजीच्या कोणत्या कुशीला कोणी झोपायचे यावरूनही भांडतात. आणि तरीही मुलगी शाळेत गेली की मुलगा उंबऱ्यावर बसून "ताई कव्हा येणार" असे पुन्हा पुन्हा विचारत राहतो. त्याच घराच्या भिंतीपलीकडे मोठे दीर राहतात. त्यांचे आणि या ताईंच्या यजमानांचे सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षांपासून बोलणे बंद आहे. सासूबाई सांगतात की हे दोघे भाऊ लहानपणी एका ताटात जेवायचे. मुलांची भांडणे कशी थांबवावीत, आणि आपली मुलेही मोठेपणी अशीच एकमेकांना पारखी होतील का, असे या आईला विचारायचे आहे.

मराठवाड्यात मुलांच्या आणि कुटुंबांच्या समुपदेशनाचे काम करताना हे दोन प्रश्न माझ्याकडे बहुधा वेगवेगळ्या माणसांकडून येतात. मुलांचा प्रश्न आई आणते आणि भावांचा प्रश्न, आणलाच तर, गावातील एखादा जाणता माणूस आणतो. तुम्ही ते एकत्र विचारलेत हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण माझ्या अनुभवात त्यांचे उत्तर एकच आहे. भावंडांचे नाते किती घट्ट आहे हे ती किती वेळा भांडतात यावरून कळत नाही; भांडणानंतर ती एकमेकांकडे कशी परततात यावरून कळते. लहान मुलांना हे परतणे येते. मोठेपणी ते हरवते, आणि ज्या कारणांनी ते हरवते त्यांतील बरीचशी घरातच, मुले लहान असताना, रुजलेली असतात.

आधी भांडणांविषयी. जुडी डन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधील केंब्रिजच्या घराघरांत जाऊन, मुले रोजच्यासारखी वावरत असताना, भावंडांचे निरीक्षण केले. प्रयोगशाळेतील अभ्यासांवरून इतक्या लहान मुलांना दुसऱ्याच्या मनातले फारसे कळत नाही असे तेव्हा मानले जात असे. घरात मात्र दोन वर्षांचे मूलही मोठ्या बहिणीला नेमके कशाने चिडवता येते आणि ती रडू लागली की तिच्या हातात काय आणून द्यायचे, हे जाणून असल्याचे त्यांना दिसले. पुढे १९९४ मध्ये योझेफ पेर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की ज्या मुलांना भावंडे अधिक, त्यांना 'आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नसू शकते' ही गोष्ट लवकर उमगते. नंतरच्या काही अभ्यासांत हा परिणाम सगळीकडे सारखा आढळला नाही, म्हणून त्याचा फार मोठा दावा करणे योग्य नाही. पण तुमच्या घरात सायकलवरून जो गोंधळ चालतो, तो दोन माणसांच्या इच्छा वेगळ्या असतात हे शिकण्याचा सराव आहे, एवढे निश्चित म्हणता येते. मित्राशी भांडण झाले तर मूल दुसरा मित्र शोधू शकते. भावाशी भांडण झाले तरी रात्री त्याच गोधडीत झोपायचे असते, आणि म्हणूनच हा सराव दुसऱ्या कोणत्याही नात्यात इतका पक्का होत नाही.

आता मुले परततात कशी, हे लक्ष देऊन पाहा, कारण मोठ्यांनी शिकण्यासारखे सर्वांत अधिक तिथे आहे. भांडण संपल्यावर मुले बहुधा माफी मागत नाहीत. थोडा वेळ एकजण कोपऱ्यात बसतो, दुसरी मुद्दाम पाठ करून चित्र काढत राहते. मग धाकटा काहीतरी घेऊन जवळ येतो: मूठभर शेंगदाणे, अंगणात सापडलेला किडा, तुटलेले खेळणे. "ताई, हे बघ." ताई बघते, आणि खेळ पुन्हा सुरू होतो. कोण चुकले याचा निर्णय लागलेला नसतो आणि तो लागावा असे दोघांनाही वाटत नसते, कारण दोघांना मिळून करायचे काहीतरी वाट पाहत असते आणि ते एकट्याने करता येत नाही. म्हणूनच मोठ्या माणसांनी दटावून म्हणायला लावलेले "सॉरी" मला फारसे उपयोगाचे वाटत नाही. त्यामुळे एक मूल जिंकते, एक हरते, आणि जी वाट ती दोघे आपली आपण शोधणार होती ती आपण बंद करतो.

मुलांच्या शहाणपणाचे याहून मोठे उदाहरण गल्लीतल्या खेळात आहे. लपंडाव चालू असतो. आठ वर्षांच्या मुलीला मैत्रिणींशी खेळायचे असते आणि साडेचार वर्षांचा भाऊ तिची पाठ सोडत नाही. त्याला बरोबरीने घेतले तर त्याच्यावर सारखे राज्य येईल आणि खेळाची मजा जाईल. नाही घेतले तर तो रडत घरी जाईल, घरातून हाक येईल आणि खेळच मोडेल. यावर मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेला तोडगा म्हणजे लिंबूटिंबू. धाकटा खेळात असतो, पळतो, लपतो, ओरडतो, पण तो सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कोणत्याही शिक्षकाने किंवा पालकाने घालून दिलेला नाही. त्यामागचा विचार मात्र अतिशय प्रौढ आहे: खेळ टिकवायचा असेल तर सर्वांत दुबळ्यालाही आत ठेवले पाहिजे, आणि त्याला आत ठेवायचे असेल तर सर्वांना एकच माप लावून चालणार नाही. ही सवलत कायमची नसते, हेही ध्यानात घ्यावे. एखाद्या दिवशी धाकटाच ठणकावतो की "मी आता लिंबूटिंबू न्हाई", आणि त्या दिवसापासून त्याच्यावर राज्य येऊ लागते. सवलत देणाऱ्यांना तिचा उपकार वाटत नाही आणि घेणाऱ्याला कमीपणा वाटत नाही.

याउलट भावाभावांच्या वाटणीत आपण काय करतो? दोघांनाही तंतोतंत सारखे मिळाले पाहिजे, असा आग्रह धरतो. तुमच्या विहिरीचेच घ्या. पाळी निम्मी-निम्मी असेल, पण एकाच्या वाट्याला खाली काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आणि दुसऱ्याच्या वाट्याला वरची मुरमाड जमीन आली असेल, तर मुरमाडाला थोडे-थोडे पण वारंवार पाणी लागते. एकाचा ऊस आणि दुसऱ्याचा हरभरा असेल तर दोघांची निकड एकाच आठवड्यात येत नाही. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येत असेल, तेव्हा रात्रीची पाळी कायम एकाच भावाकडे जात असेल तर तासांचा हिशेब बरोबर असूनही अन्याय होतो. ज्या भावांनी लहानपणी एकमेकांना लिंबूटिंबू म्हणून सांभाळून घेतले, त्यांना चाळिशीत एवढे समजत नाही असे मुळीच नाही. त्यांना ते समजते. पण तोपर्यंत प्रश्न पाण्याचा राहिलेला नसतो. आईवडिलांनी, गावाने, नात्यागोत्याने कोणाला खरे ठरवले याचा झालेला असतो.

म्हणूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात मी एका वाक्याविषयी सावध करतो. "सुरुवात कोणी केली?" हे वाक्य शक्य तितके टाळावे. ते विचारताच दोन्ही मुले तुमच्यासमोर वादी आणि प्रतिवादी होऊन उभी राहतात, प्रत्येक जण आपली बाजू पक्की करण्यासाठी दुसऱ्याची जुनी चूक आठवू लागतो, आणि भांडण सायकलपुरते न राहता तुमच्या प्रेमापुरते होते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात हिल्डी रॉस यांनी भावंडांच्या भांडणांवर दीर्घकाळ काम केले. २००७ मध्ये जूली स्मिथ यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी पाच ते दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांना निवाडा देण्याऐवजी मध्यस्थी करायला शिकवले: आधी ओरडणे आणि मारणे थांबवायचे, मग नेमका वाद कशाचा आहे ते ठरवायचे, दोघांनाही एकमेकांचे म्हणणे ऐकू येईल असे बोलायला लावायचे, आणि तोडगा मुलांनाच सुचवू द्यायचा. ज्यांच्या पालकांनी असे केले ती मुले अधिक समजुतीने वाटाघाट करू लागली, आणि भावंडाच्या मनात काय आहे हेही त्यांना अधिक चांगले सांगता येऊ लागले.

घरात हे असे करावे. सायकल हातात धरून बाजूला उभी करा. खाली बसा, म्हणजे दोघांचे डोळे तुमच्या डोळ्यांसमोर येतील. मग एवढेच म्हणा, "ताईची फेरी राहिली आहे अन् धाकट्यालाही आत्ताच पाहिजे. सायकल एकच आहे. आता काय करायचं, तुम्ही सांगा." साडेचार वर्षांच्या मुलाला पहिल्या काही वेळा काहीच सुचणार नाही, तेव्हा ताईला सुचवू द्या आणि त्याला "चालेल का?" असे विचारा. त्यांनी काढलेला तोडगा तुम्हाला विचित्र वाटेल. उदाहरणार्थ, ती चालवील आणि हा मागून ढकलील. दोघांना मान्य असेल तर तो तसाच चालू द्या. स्वयंपाक चुलीवर असताना आणि दूध उतू जात असताना हे दर वेळी जमणार नाही, आणि दर वेळी जमण्याची गरजही नाही.

तुलनेविषयी थोडे. "बघ, ताई कशी शहाण्यासारखी बसली" हे वाक्य आपल्या घरांत कौतुकाने म्हटले जाते, पण ऐकणाऱ्या दोघांनाही ते दुखावते: धाकटा कमी ठरतो आणि ताईचे शहाणपण त्याच्या वाईटपणावर उभे राहते. मुलांना वेगवेगळी वागणूक मिळणे मात्र अपरिहार्य आहे, आणि ती प्रत्येक वेळी विषारी नसते. अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी १९९७ मध्ये अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना याविषयी विचारले तेव्हा असे आढळले की पालक भावंडांत फरक करतात हे मुलांना दिसत होते, पण बहुतेक वेळा त्यांना तो अन्याय वाटत नव्हता, कारण त्यामागचे कारण त्यांना पटलेले होते. म्हणून फरक लपवू नये, कारण सांगावे. "तो आजारी आहे म्हणून आज त्याच्याजवळ झोपते" हे आठ वर्षांच्या मुलीला पूर्णपणे कळते.

जे कारण कधीही पटणारे नाही ते म्हणजे "तू मुलगी आहेस, तू सोड." या बाबतीत मी स्पष्ट लिहितो, कारण आपल्या भागात ते अजून सर्रास ऐकू येते. दुधाचा पेला, अंड्याचा मोठा वाटा, खिडकीजवळची जागा, ट्यूशनची फी, हे सर्व भावासाठी सोडायला शिकलेल्या मुलीकडे तिच्या चाळिशीत भाऊ हक्कसोडपत्राचा कागद घेऊन येतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्र सरकारने २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. तिने सही केली तर मनात गाठ राहते आणि नाही केली तर माहेर तुटते, ही कोंडी त्या कागदाने निर्माण केलेली नसते. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपवास धरणाऱ्या आपल्या मुलींनी भावावर मनापासून प्रेम करावे, पण त्या प्रेमाची किंमत एकट्या मुलीने चुकवावी हे त्या नात्यालाच घातक आहे. तुमच्या साडेचार वर्षांच्या मुलालाही ताईसाठी काहीतरी सोडायला आत्तापासून शिकवा.

मोठ्या भावंडाच्या मायेवर किती भार टाकावा, हाही विचार याच्याशी जोडलेला आहे. रॉबर्ट स्टुअर्ट यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आई खोलीबाहेर गेल्यावर रडणाऱ्या तान्ह्या भावंडाला चार वर्षांच्या आसपासच्या सुमारे निम्म्या मुलांनी आपणहून जवळ जाऊन समजावले होते. याहून हृदय हेलावणारी हकिकत दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. टेरेझिनच्या छळछावणीतून वाचलेली, आईवडील गमावलेली, तीन ते चार वर्षांची सहा मुले १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये आणली गेली, आणि बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या देखरेखीखाली एका घरात एकत्र वाढवली गेली. रक्ताने ती एकमेकांची कोणी नव्हती. तरी मोठ्यांवर त्यांचा विश्वास नसताना ती एकमेकांना घास देत, एकाला बाजूला नेले तर बाकीची अस्वस्थ होत. मुलांना मुलांचा केवढा आधार असतो, हे यातून दिसते. पण दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालना भागांतून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या कुटुंबांतील थोरल्या मुली उसाच्या फडाजवळ, कोपीत, तान्ह्या भावाला सांभाळत शाळा गमावतात, तेव्हा त्या मायेचे कौतुक करून थांबणे मला मान्य नाही. माया ही मुलीची आहे; सांभाळण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे. तुमच्या मुलीनेही भावाला थोडा वेळ पाहावे, पण तिचा खेळ आणि अभ्यास त्याच्या रडण्यावर अवलंबून ठेवू नये.

भांडण केव्हा साधे राहत नाही, तेही सांगणे आवश्यक आहे. दर वेळी एकाच मुलाला लागत असेल, ते भावंडाला पाहून आक्रसत असेल, एकटे राहायला घाबरत असेल, अंगावर खुणा दिसत असतील किंवा नकोशा स्पर्शाची शंका असेल, तर मुलांना आपसात सोडवू देण्याचा हा प्रसंग नव्हे. तेव्हा त्यांना ताबडतोब वेगळे करावे, शांतपणे विचारावे आणि बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांकही त्यासाठीच आहे. तुम्ही वर्णन केलेल्या दोघांत मला असे काही दिसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तुमची मुले दिरांसारखी होतील का, हे आज कोणीही सांगू शकत नाही, पण लहानपणीचे नाते पुढे साथ देते याचा चांगला पुरावा आहे. हार्वर्डच्या दीर्घ अभ्यासातील २२९ पुरुषांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये असे मांडले गेले की ज्यांचे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत भावंडांशी नाते दुरावलेले होते, त्यांना पन्नाशीपर्यंत नैराश्याचा गंभीर आजार होण्याची शक्यता अधिक होती. ते पुरुष एका परदेशी विद्यापीठात शिकलेले होते, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा औशाला लावता येणार नाही. तरी आईवडिलांच्या नंतरही ज्यांची सोबत उरते ते नाते भावंडांचेच असते, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

यजमान आणि दीर एका ताटात जेवत होते ते खोटे नव्हते. ते नाते संपले असेही मी मानत नाही. त्यांच्यातून परत येण्याची वाट तेवढी नाहीशी झाली. लहानपणी दोघांना मिळून करायचे काम रोज होते: गुरे वळणे, विहिरीत पोहणे, शाळेची वाट चालणे. वाटणीनंतर चुली वेगळ्या झाल्या, आणि रागावल्यावर जवळ येण्यासाठी निमित्त उरले नाही. शिवाय प्रत्येकजण आधी समोरच्याने चूक कबूल करावी म्हणून थांबला आहे, जी अट मुले एकमेकांना घालत नाहीत.

आपल्याच मातीतील एक प्रसंग इथे आठवतो. पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही चार भावंडे आईवडिलांवाचून एकमेकांच्या आधाराने वाढली. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले, तेव्हा त्यांना बाहेर बोलावणारी सर्वांत धाकटी मुक्ताबाई होती. "ताटी उघडा ज्ञानेश्वरा" या तिच्या विनवणीत कोण काय बोलले याची चौकशी नाही. तुम्ही कोण आहात याची आठवण आहे. धाकट्या बहिणीने असे म्हणावे आणि थोरल्या, विद्वान भावाने ते ऐकावे, हे आपल्या परंपरेने शेकडो वर्षे जपून ठेवले आहे.

तुमच्या घरी याची सुरुवात मुलांपासून करा. भिंतीपलीकडच्या चुलत भावंडांशी खेळणे बंद करू नका, त्यांच्याकरवी निरोप पाठवू नका, आणि खेळून आल्यावर "तिकडे काय बोलत होते?" असे विचारू नका. मुलांनी "काका आपल्याशी का बोलत नाहीत?" असे विचारले, तर "दोघांचा पाण्यावरून राग आहे, तो मिटायचा आहे" इतके खरे आणि छोटे उत्तर द्या. पुढच्या वेळा अमावस्येला, म्हणजे येळवसीच्या सणाला, शेतात दोन्ही घरांची कोप (कडब्याची खोप) एकच उभारता आली तर पाहा. कडबा आणायचा असतो, पांडव मांडायचे असतात, आंबिल आणि भज्जी दोन्ही घरांतून यायची असते. भावांना मिळून करण्यासारखे काम त्या दिवशी आपोआप निघते. त्या दिवशी पाण्याचा विषय काढू नये. तो त्यानंतर, वेगळ्या दिवशी, दोघांनीच बसून लिहावा: कोणत्या पिकाला कोणत्या आठवड्यात किती तास, रात्रीची पाळी आलटूनपालटून कशी, मोटार जळली तर खर्च कोणाचा. सातबारावरील विहिरीच्या हिश्शाला त्याने धक्का लागत नाही. आणि बसण्याचा निरोप तुमच्याकडून किंवा जाऊबाईंकडून न जाता भावाकडून भावाला जावा. सासूबाईंना मध्ये घातले तर त्यांना पुन्हा एका मुलाची बाजू घ्यावी लागेल.